छोट्या संगणकाला पडदा समजावून सांगताना

रास्पबेरी पाय या तळहातावर मावणाऱ्या संगणकाची अधिकृत कार्यप्रणाली ऑक्टोबर २०२३ मध्ये 'बुकवर्म' या आवृत्तीवर गेली आणि जगभरच्या चर्चामंचांवर एकाच प्रकारची तक्रार वाढू लागली: काल चालणारा पडदा आज काळा आहे, आणि वर्षानुवर्षे सगळे जण ज्या ओळी कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलमध्ये लिहीत आले त्या ओळी लिहूनही काहीच घडत नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सात इंची पडदा विकत आणणाऱ्या विद्यार्थ्यापासून कारखान्यातील यंत्रावर माहितीफलक बसवणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत अनेकांना हा अनुभव येतो. त्यावर मिळणारे उत्तर बहुधा 'ही ओळ टाकून बघा, नाही चालली तर ती टाकून बघा' अशा स्वरूपाचे असते. पडदा कशामुळे दिसतो हे कळल्याशिवाय अशा ओळींचा अर्थ लागत नाही, म्हणून या लेखात ओळींच्या आधी त्यांच्यामागची यंत्रणा समजून घेऊ.

ड्रायव्हर नेमके कोणते काम करतो

आपल्याला पडद्यावर दिसणारे चित्र आधी संगणकाच्या स्मृतीत तयार होते. प्रत्येक पिक्सेलचा रंग तिथे आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो आणि स्मृतीच्या या तुकड्याला फ्रेमबफर म्हणतात. १९२० × १०८० पिक्सेलच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला चार बाइट दिले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. पडदा स्वतः काहीही लक्षात ठेवत नाही असे धरले, तर हे चित्र त्याला सेकंदाला ६० वेळा पुन्हा पुन्हा पाठवावे लागते, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट. मुख्य प्रोसेसरने हे काम हाती घेतले तर त्याला दुसरे काही करताच येणार नाही. म्हणून त्याच चिपमध्ये डिस्प्ले कंट्रोलर नावाचा स्वतंत्र विभाग असतो, जो फ्रेमबफर ओळीमागून ओळ वाचत जातो आणि तारांवरून पडद्याकडे पाठवत राहतो.

ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर हा या विभागाला सूचना देणारा प्रोग्राम आहे. चित्र स्मृतीत कोठे आहे, ते कोणत्या गतीने वाचायचे, कोणत्या जोडणीतून बाहेर काढायचे आणि पलीकडे कोणता पडदा आहे, हे तो कंट्रोलरला सांगतो. खेळांसाठी त्रिमिती चित्रे काढणारा भाग वेगळा असतो आणि त्याचा ड्रायव्हरही वेगळा असतो. ग्राफिक्स या एका शब्दाखाली ही दोन कामे एकत्र आल्यामुळे बराच गोंधळ होतो. पडदा काळा असण्याचा त्रिमिती ड्रायव्हरशी सहसा संबंध नसतो, त्यामुळे या लेखात पुढे ड्रायव्हर म्हटले की पहिलाच अर्थ घ्यावा.

रास्पबेरी पायची कार्यप्रणाली ज्यावर उभी आहे त्या लिनक्समध्ये या कामाची आजची चौकट 'कर्नेल मोड सेटिंग', म्हणजेच केएमएस, या नावाने ओळखली जाते. ती २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या चिपांसाठी प्रथम आली. कर्नेल हा कार्यप्रणालीचा गाभा, आणि मोड म्हणजे पडद्याची रुंदी, उंची व गती यांचा एक ठरलेला संच. या चौकटीत पडदा कोणत्या मोडवर चालवायचा हे कर्नेल स्वतः ठरवतो आणि स्वतःच अमलात आणतो. पुढे जे काही बिघडते, त्यातले बरेचसे या एका वाक्याशी जोडलेले आहे.

पडदा चालतो वेळापत्रकावर

शाळेतील श्रुतलेखन आठवावे. गुरुजी ठरावीक गतीने शब्द सांगतात आणि विद्यार्थी वहीत लिहितो. ओळ संपली की विद्यार्थ्याचा हात उजव्या टोकापासून डाव्या समासाकडे यायला थोडा वेळ लागतो आणि पान संपले की ते उलटायला त्याहून जास्त वेळ लागतो. या दोन्ही वेळी गुरुजींनी थांबायला हवे. ते थांबले नाहीत तर पुढच्या ओळीचे पहिले काही शब्द हुकतात आणि नंतरचे सारे लिखाण सरकलेले दिसते. गुरुजी फार भरभर सांगू लागले तर विद्यार्थी लिहिणेच सोडून देतो.

डिस्प्ले कंट्रोलर आणि पडदा यांच्यात अगदी हेच चालते. सांगण्याच्या गतीला पिक्सेल क्लॉक म्हणतात, म्हणजे एका सेकंदात किती पिक्सेल तारेवरून जातात तो आकडा. ओळ संपल्याची खूण म्हणजे आडवा सिंक आणि पान संपल्याची खूण म्हणजे उभा सिंक. खुणेच्या आधीच्या आणि नंतरच्या मोकळ्या वेळांना अनुक्रमे फ्रंट पोर्च आणि बॅक पोर्च अशी नावे आहेत. जाड काचेच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत खरोखरच उजवीकडून डावीकडे परतत असे आणि त्याला वेळ लागे, तिथून ही पद्धत आली. आजच्या पातळ पडद्यात झोत नसला तरी आतील सर्किटे याच वेळापत्रकावर बांधलेली आहेत.

आता खरे आकडे पाहू. टीव्हीच्या प्रमाणित १०८०पी मोडमध्ये एका ओळीत १९२० पिक्सेल दिसतात, पण पोर्च आणि सिंक यांचे ८८, ४४ आणि १४८ ठोके (एक ठोका म्हणजे एक पिक्सेल पाठवण्याचा वेळ) मिळवले की एका ओळीला प्रत्यक्षात २२०० ठोके लागतात. ओळी १०८० दिसतात, पण ४, ५ आणि ३६ रिकाम्या ओळी धरून एकूण ११२५ होतात. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० केले की १४ कोटी ८५ लाख येतात, आणि म्हणून या मोडचा पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ आहे. आता ८०० × ४८० चा एखादा सात इंची पडदा घ्या. या आकाराच्या अनेक पॅनेलच्या माहितीपत्रकात एका ओळीला १०५६ ठोके आणि एका चित्राला ५२५ ओळी दिलेल्या असतात. सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने हा गुणाकार सुमारे ३३.३ मेगाहर्ट्झ होतो. पहिल्या मोडची गती दुसऱ्याच्या जवळजवळ साडेचारपट आहे, त्यामुळे पहिल्याचे आकडे दुसऱ्या पडद्याला दिले तर त्याने चित्र दाखवावे अशी अपेक्षाच करता येत नाही.

वरवर एकसारखे दिसणारे मोडसुद्धा वेगळे असू शकतात. १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ हेच तीन आकडे सूत्राने वेळापत्रक काढणाऱ्या सीव्हीटी या प्रमाणपद्धतीला दिले, तर पिक्सेल क्लॉक १७३ मेगाहर्ट्झ येतो. काही पडदे दोन्ही वेळापत्रके स्वीकारतात, काही एकच स्वीकारतात. 'माझा पडदा फुल एचडी आहे' एवढी माहिती ड्रायव्हरला पुरत नाही, कारण त्याला संपूर्ण वेळापत्रक लागते.

मग लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडताना हे काहीच का करावे लागत नाही?

कारण तो मॉनिटर स्वतःची ओळख स्वतः करून देतो. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ईडीआयडी नावाचा नमुना ठरवला. प्रत्येक मॉनिटरमध्ये एक लहानशी स्मृतिचिप असते आणि तिच्यात किमान १२८ बाइटचा मजकूर असतो: उत्पादक कोण, पडद्याचा आकार किती, कोणती वेळापत्रके चालतात आणि त्यांतले सर्वांत आवडते कोणते. एचडीएमआयच्या केबलमध्ये हा मजकूर वाचण्यासाठी स्वतंत्र तारा असतात, आणि पलीकडे कोणी जोडलेले आहे हे कळवणारी हॉटप्लग नावाची आणखी एक तार असते. श्रुतलेखनाच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थी वर्गात येतानाच आपल्या वहीच्या पानावर किती ओळी आहेत आणि आपण किती वेगाने लिहू शकतो हे गुरुजींना सांगतो.

ही सोय इतकी शांतपणे काम करते की ती आहे हेच आपण विसरतो. ती मोडते तेव्हा मात्र लक्षण विचित्र असते. भिंतीवरचा टीव्ही पूर्ण बंद असताना रास्पबेरी पाय आधी सुरू झाला, तर काही टीव्ही हॉटप्लगची तार जागी करत नाहीत आणि कर्नेल 'येथे पडदाच नाही' असा निष्कर्ष काढतो. स्वस्त स्विच किंवा लांब केबल मध्ये असेल तर ईडीआयडी अर्धवट पोहोचतो. १२८ बाइटच्या या तुकड्यातील शेवटचा बाइट तपासणीसाठी असतो आणि सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने नि:शेष भाग जावा लागतो. तसा तो गेला नाही तर कर्नेल त्या तुकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि मग हाती उरतात ते १०२४ × ७६८ सारखे जुने सुरक्षित मोड. चित्र मोठे आणि धूसर दिसत असल्याची तक्रार आली की माझा पहिला संशय ड्रायव्हरवर नसून केबलवर असतो.

एम्बेडेड पॅनेलला बोलता येत नाही

एम्बेडेड संगणक म्हणजे एखाद्या यंत्राच्या पोटात राहून एकच ठरलेले काम करणारा संगणक: तिकीटयंत्रातला, रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या उपकरणातला, गाडीच्या डॅशबोर्डमधला. त्यात उघडे एलसीडी पॅनेल रिबनसारख्या पट्टीने थेट मंडळाला, म्हणजे सर्किट बोर्डाला, जोडतात. या पॅनेलमध्ये ईडीआयडीची चिप बहुधा नसते. उत्पादन हजारोंच्या संख्येने निघते, प्रत्येकात तेच पॅनेल असते, मग दर वेळी ओळख विचारण्याची यंत्रणा कशाला, हा त्यामागचा विचार असतो आणि तो चुकीचा नाही. मात्र त्यामुळे पॅनेलची ओळख माणसाला लिहून द्यावी लागते. ड्रायव्हर कॉन्फिगर करणे म्हणजे मुख्यतः हेच लेखन.

लिनक्समध्ये ही ओळख डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनात लिहितात. मंडळावर कोणते भाग आहेत, ते कोणत्या तारांनी जोडलेले आहेत आणि त्यांना वीज कोठून मिळते, याचे ते झाडासारखे फुटत गेलेले वर्णन असते. पूर्वी एआरएम चिपांच्या प्रत्येक मंडळासाठी कर्नेलमध्ये वेगळी सी भाषेतील फाइल लिहावी लागे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमच्या जगाने डिव्हाइस ट्रीची वाट वेगाने धरली. ड्रायव्हर एकच राहतो, बदलते ते मंडळाचे वर्णन. गेल्या पंधरा वर्षांतील एम्बेडेड लिनक्सच्या शहाण्या निर्णयांत मी या बदलाला फार वरचे स्थान देतो.

पॅनेलच्या वर्णनात वेळापत्रकाखेरीज आणखी गोष्टी येतात. सिंकच्या खुणा वरच्या व्होल्टेजला द्यायच्या की खालच्या, ठोक्याच्या चढत्या कडेला पिक्सेल वाचायचा की उतरत्या, प्रत्येक रंगाला सहा बिट की आठ, मागचा दिवा कोणत्या पिनने चालतो, आणि वीज, सिग्नल व दिवा कोणत्या क्रमाने चालू करायचे. सहा बिट असतील तर २,६२,१४४ रंग मिळतात आणि आठ असतील तर १,६७,७७,२१६. हा फरक केवळ रंगछटांपुरता नाही. रास्पबेरी पायवर समांतर तारांचे डीपीआय पॅनेल २४ बिटांत जोडले तर रंगांच्या २४ आणि वेळेच्या चार अशा २८ पिना लागतात, म्हणजे जोडपट्टीवरच्या ० ते २७ या सगळ्या जीपीआयओ (बाहेरचे भाग जोडण्याच्या) पिना संपतात आणि स्पर्शसंवेदकासाठी एकही उरत नाही. १८ बिटांत सहा पिना मोकळ्या राहतात. पडदा निवडतानाच हा हिशेब करावा.

जुन्या ओळी निकामी का झाल्या

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. त्यातील ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये व्हिडिओकोअर नावाचा ग्राफिक्स विभाग आहे आणि वीज मिळाल्यावर आधी जागा होतो तो हाच विभाग. मुख्य एआरएम प्रोसेसर त्यानंतर जागा होतो. व्हिडिओकोअरवर चालणारा फर्मवेअर नावाचा बंदिस्त प्रोग्राम पडदा शोधायचा, मोड ठरवायचा आणि लिनक्सला तयार फ्रेमबफर देऊन टाकायचा. कॉन्फिग.टीएक्सटी ही फाइल वाचणारा हाच फर्मवेअर. 'एचडीएमआय ग्रुप', 'एचडीएमआय मोड', 'फोर्स हॉटप्लग' या प्रसिद्ध ओळी त्यालाच उद्देशून होत्या. लिनक्सला त्यांचा पत्ताही नसे.

२८ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रॉडकॉमने व्हिडिओकोअरच्या त्रिमिती भागाची माहिती आणि ग्राफिक्सचा बराच कोड खुला केला. त्याच वर्षी एरिक अँहोल्ट यांनी ब्रॉडकॉममध्ये खुल्या ड्रायव्हरचे काम हाती घेतले आणि व्हीसी४ नावाचा तो ड्रायव्हर जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या लिनक्स ४.४ मध्ये समाविष्ट झाला. मधली काही वर्षे अर्धे काम फर्मवेअरकडे आणि अर्धे कर्नेलकडे अशी तडजोड चालली. तिला 'फेक केएमएस' म्हणत. नोव्हेंबर २०२१ च्या 'बुल्सआय' आवृत्तीपासून पूर्ण केएमएस हीच मूळ निवड झाली, आणि रास्पबेरी पाय ५ वर तर तडजोडीचा तो मार्गच उरला नाही.

म्हणजे पडदा सांभाळण्याचे काम एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे गेले आणि सूचना मात्र आपण पहिल्याच्याच नावाने लिहीत राहिलो. सुरुवातीचे काही क्षण फर्मवेअरचा ताबा असतो तेव्हा त्या ओळींचा परिणाम दिसतो, कर्नेल जागा झाला की तो स्वतःचा निर्णय घेतो. 'आधी रंगीत चौकोन दिसतो आणि मग पडदा काळा होतो' या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा इथेच असते. त्यातच बुकवर्ममध्ये या फाइलची जागा बूट या फोल्डरमधून त्याच्या आतील फर्मवेअर या फोल्डरमध्ये गेली, त्यामुळे काही लोक ज्या फाइलमध्ये लिहीत होते ती कोणी वाचतच नव्हते.

स्मृतीच्या वाटपाबाबतही असेच झाले. ग्राफिक्ससाठी स्मृती वाढवणारी 'जीपीयू मेम' ही ओळ फर्मवेअरला उद्देशून आहे. केएमएसमध्ये फ्रेमबफर कर्नेलच्या सीएमए नावाच्या सलग राखीव भागातून घेतला जातो, त्यामुळे ती ओळ वाढवल्याने पडद्याला फायदा होत नाही आणि बाकीच्या प्रोग्रामांची स्मृती मात्र कमी होते.

आता कोणती सूचना कोणाला द्यायची

कॉन्फिग.टीएक्सटीचे महत्त्व संपलेले नाही. तिच्यात ओव्हरलेची नावे लिहितात. ओव्हरले म्हणजे मूळ डिव्हाइस ट्रीवर चढवायची पुरवणी. 'व्हीसी४-केएमएस-व्ही३डी' ही पुरवणी पूर्ण केएमएस चालू करते आणि बाकी सारे तिच्यावर उभे असते.

एचडीएमआयचा पडदा असेल आणि तो नीट ओळख देत असेल तर याहून अधिक काही लिहू नये. ओळख मिळत नसेल तेव्हाच सक्ती करावी, आणि ती कर्नेलला करावी: सीएमडीलाइन.टीएक्सटी या दुसऱ्या फाइलमध्ये 'व्हिडिओ' हा शब्द, मग कनेक्टरचे, म्हणजे पडदा जिथे जोडला आहे त्या जोडणीचे, नाव, मग रुंदी, उंची, गती आणि शेवटी 'डी' हे अक्षर. या अक्षराचा अर्थ असा की हॉटप्लगची तार काहीही म्हणो, येथे डिजिटल पडदा आहे असे समज. या फाइलमधील सारा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. मध्ये चुकून नवी ओळ सुरू झाली तर पुढचे काहीच वाचले जात नाही, आणि ही चूक वरून पाहिल्यावर लक्षातही येत नाही. मॉनिटरचा ईडीआयडीच सदोष असेल तर चांगल्या ईडीआयडीची फाइल कर्नेलला वेगळी देता येते. हा उपाय मला मोड लादण्याहून अधिक पसंत आहे, कारण त्यात पडद्याची संपूर्ण ओळख राहते.

उघडे डीपीआय पॅनेल असेल तर माहितीपत्रक समोर घेऊन बसण्याला पर्याय नाही. त्यासाठी 'व्हीसी४-केएमएस-डीपीआय-जेनेरिक' ही पुरवणी आहे आणि तिला दिसणारे पिक्सेल, दोन्ही पोर्च, दोन्ही सिंक, पिक्सेल क्लॉक आणि रंगांची मांडणी एवढे आकडे द्यावे लागतात. माहितीपत्रकात एक फसगत ठरलेली असते. काही उत्पादक बॅक पोर्चच्या आकड्यात सिंकची रुंदीही धरतात, काही ती वेगळी देतात. त्यासाठी सर्व आकड्यांची बेरीज करून ती पत्रकातील एकूण ठोक्यांशी जुळते का हे पाहावे, आणि एकूण ठोके, एकूण ओळी व ६० यांचा गुणाकार पिक्सेल क्लॉकच्या जवळ येतो का हेही पाहावे. कागदावरची ही दोन मिनिटांची आकडेमोड पुढचे कित्येक तास वाचवते.

मोबाइलच्या पडद्यांसारखी डीएसआय जोडणी सर्वांत अवघड. तिथे वेळापत्रकाआधी पॅनेलच्या आतील चिपला सुरुवातीच्या आज्ञांची लांब मालिका पाठवावी लागते आणि ही मालिका प्रत्येक पॅनेलची वेगळी असते. ती उघड नसेल तर बाजारातले देखणे आणि स्वस्त पॅनेलही निरुपयोगी ठरते. रास्पबेरीच्या स्वतःच्या सात इंची पडद्यासाठी तयार ड्रायव्हर असतो आणि तो आपोआप ओळखलाही जातो. दुसऱ्या पॅनेलसाठी, ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये आहे असेच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एसपीआय या मोजक्या तारांच्या साध्या जोडणीवर चालणारे अगदी छोटे पडदे या साऱ्यापेक्षा वेगळे आहेत, कारण त्यांच्याकडे स्वतःची स्मृती असते. तिथे गतीची मर्यादा तारेची असते. ३२० × २४० पिक्सेलच्या १६ बिटांच्या चित्राला १२,२८,८०० बिट लागतात. ३२ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर सेकंदाला जास्तीत जास्त २६ चित्रे जातात, आणि कोणतीही सेटिंग हा गुणाकार बदलू शकत नाही. या पडद्यांवर एचडीएमआयचे चित्र नक्कल करणारे जुने प्रोग्राम फर्मवेअरच्या जुन्या सोयीवर अवलंबून असल्यामुळे पूर्ण केएमएसमध्ये चालत नाहीत.

पडदा काळाच राहिला तर

पडदा जे दाखवतो, किंवा दाखवत नाही, त्यावरून दोष कुठे आहे याचा बराच अंदाज येतो. अंधारात पाहिले असता मागचा दिवाच पेटलेला नसेल तर वेळापत्रकाला हात लावण्याआधी दिव्याची पिन आणि वीज तपासावी, कारण चित्र येत असूनही ते दिव्याविना दिसत नाही. दिवा पेटला पण पडदा कोरा पांढरा असेल तर पॅनेलला सिग्नल पोहोचत नाही किंवा सुरुवातीच्या आज्ञा चुकल्या आहेत. चित्र दिसते पण एका बाजूला सरकून दुसऱ्या बाजूने आत येते, तेव्हा पोर्चचे आकडे चुकलेले असतात: विद्यार्थ्याचा हात समासावर पोहोचण्याआधी गुरुजी बोलू लागले आहेत. चित्र फिरत राहते किंवा थरथरते तेव्हा पिक्सेल क्लॉक किंवा सिंकची दिशा पाहावी. रंगांच्या कडांवर चमचमणारे ठिपके दिसले तर ठोक्याची कडा उलटी असण्याची शक्यता मोठी असते. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली असेल तर रंगांचा क्रम उलटा आहे, बाकी सारे बरोबर आहे.

संगणकाच्या बाजूने पाहायचे तर सिस फोल्डरमधील 'क्लास' आणि त्यातील 'डीआरएम' या ठिकाणी प्रत्येक कनेक्टरची एक जागा असते. तिथल्या 'स्टेटस' फाइलमध्ये तो जोडलेला दिसतो की तुटलेला, आणि 'मोड्स' फाइलमध्ये कर्नेलला माहीत असलेले मोड मिळतात. कनेक्टरचे नावच तिथे नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. नाव आहे पण 'डिसकनेक्टेड' असेल तर ओळख पटलेली नाही. 'कनेक्टेड' असूनही पडदा काळा असेल तर वेळापत्रक, वीज किंवा तारा यांकडे वळावे. पडद्याचा ड्रायव्हर कधी कधी दिव्याच्या किंवा विजेच्या ड्रायव्हरची वाट पाहत अडकून राहतो, आणि कर्नेलच्या नोंदींत तो पुढे ढकलला गेल्याचा उल्लेख सापडतो. नोंदी वाचण्याचा कंटाळा करू नये. डेस्कटॉप बंद करून 'मोडटेस्ट' हे साधन चालवले तर ते थेट ड्रायव्हरकडून रंगीत पट्टे काढून दाखवते. पट्टे नीट दिसले तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि दोष त्याच्या वरच्या थरात आहे. चित्र फिरवण्याची सूचना कन्सोलसाठी (फक्त अक्षरे दाखवणाऱ्या साध्या पडद्यासाठी), डेस्कटॉपसाठी आणि स्पर्शासाठी तीन ठिकाणी वेगवेगळी द्यावी लागते, हेही थरांच्या याच रचनेमुळे.

चुकीच्या आकड्यांनी पडदा जळतो का?

ही भीती जुन्या काचेच्या मॉनिटरांपासून चालत आली आहे आणि त्यांच्या बाबतीत ती खरी होती. आजचा एचडीएमआय मॉनिटर न झेपणारा सिग्नल मिळाला की तसा संदेश दाखवून गप्प बसतो. उघड्या पॅनेलबाबत मात्र काळजी घ्यावी. द्रवस्फटिकाला सतत दिशा बदलणारे व्होल्टेज लागते, आणि वीज चालू ठेवून ठोके थांबवले तर ते एकाच दिशेने दीर्घकाळ राहू शकते. म्हणूनच माहितीपत्रकात चालू-बंद करण्याचा क्रम मिलिसेकंदांत दिलेला असतो. पोर्चचा आकडा दोनचारने चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. वीज आणि मागच्या दिव्याचा प्रवाह यांचे आकडे मात्र अंदाजाने टाकू नयेत.

हे सारे उत्पादकानेच लिहून का देऊ नये?

अनेक उत्पादक देतात, पण कसे देतात यावर पुढचे सारे ठरते. एखाद्या विशिष्ट आवृत्तीच्या कर्नेलवर चढवायची स्वतःची फेरफार केलेली प्रत देणे हा सोपा मार्ग असतो. पडदा त्या दिवशी लागतो, पण पुढच्या सुरक्षा सुधारणेला कर्नेल बदलला की तो जातो, आणि मग कारखान्यातले किंवा रुग्णालयातले यंत्र पडद्यासाठी जुन्याच असुरक्षित कर्नेलवर अडकून पडते. दुसरा मार्ग कष्टाचा आहे: पॅनेलचे वर्णन लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये स्वीकारले जाईल इतके नीटनेटके लिहिणे. त्या कोडमध्ये 'पॅनेल-सिंपल' नावाचा एक ड्रायव्हर आहे आणि त्याच्यात शेकडो साध्या पॅनेलांची वेळापत्रके एकत्र नोंदलेली आहेत. एक नवी नोंद म्हणजे आकड्यांच्या काही ओळी. त्या एकदा स्वीकारल्या गेल्या की पुढच्या प्रत्येक कर्नेलबरोबर त्या आपोआप येतात आणि तेच पॅनेल वापरणाऱ्या अनोळखी माणसालाही मिळतात. पॅनेल विकत घेण्याआधी त्याचा नमुना क्रमांक त्या यादीत आहे का हे शोधून पाहावे, आणि यादीत नसलेले पॅनेल आपण स्वतः चालवून दाखवले असेल तर ती नोंद पाठवावी. दुरुस्त्या सुचवणारे अनुभवी लोक तिथे बारकाईने वाचतात आणि पहिला प्रयत्न सहसा परत येतो, पण त्या वाचनातूनच आपले आकडे तपासून मिळतात.